गुण हलले, विषय जागीच राहिले : ओळीतल्या जोड्यांचा क्रम पायथनने कसा लावायचा

माझी थोरली बहीण एका शाळेत दहावीच्या वर्गाला शिकवते. निकालानंतर तिच्या शाळेत एक तक्ता तयार झाला. प्रत्येक विद्यार्थ्याची एक ओळ, आणि त्या ओळीत त्याचे सहा विषय, सर्वांत जास्त गुणांच्या विषयापासून सर्वांत कमी गुणांच्या विषयापर्यंत. अकरावीला कोणत्या शाखेत जायचं हे पालकांशी बोलताना हाताशी असावा म्हणून तो केला होता. एका मुलीच्या आईने तो पाहिला आणि विचारलं, "मॅडम, हिला गणितात ७८ कसे? घरी गुणपत्रिकेत तर ९३ आहेत."

ताईने गुणपत्रिका मागवली. त्यावर मराठी ७८, हिंदी ७१, इंग्रजी ६४, गणित ९३, विज्ञान ८८, सामाजिक शास्त्रे ८१ असे गुण होते. (आकडे मी इथे उदाहरणासाठी बदलून घेतले आहेत, गोंधळ मात्र हुबेहूब असाच होता.) तक्त्यातली तिची ओळ अशी होती: मराठी ९३, हिंदी ८८, इंग्रजी ८१, गणित ७८, विज्ञान ७१, सामाजिक शास्त्रे ६४.

नीट बघितलं तर काय झालंय ते लगेच कळतं. गुण मोठ्याकडून लहानाकडे व्यवस्थित लागले, विषय मात्र जिथल्या तिथे बसून राहिले. गणितात वर्गात पुढे असलेली मुलगी कागदावर भाषेची हुशार झाली. सहाही आकडे तिचेच आणि सहाही विषय तिचेच होते, फक्त कोणता आकडा कोणाचा हे हरवलं होतं.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते पुढच्या गोष्टीने. या तक्त्याची बेरीज दोनदा तपासली गेली होती आणि दोन्ही वेळा ती बरोबर आली होती. येणारच, कारण आकडे कसेही हलवले तरी बेरीज ४७५ च राहते. दहावीची टक्केवारी सहापैकी उत्तम पाच विषयांवर निघते, तीही बरोबर आली. सर्वांत कमी गुण ६४, ते वगळले की ४११ उरतात आणि ५०० पैकी ४११ म्हणजे ८२.२ टक्के. जोडी चुकली तरी बेरीज आणि टक्केवारी दोन्ही बिनबोभाट जुळतात. म्हणून ही चूक शिक्षकांच्या नजरेतून सुटली आणि आईच्या नजरेला सापडली. तिला बेरीज ठाऊक नव्हती, आपल्या मुलीचं गणित ठाऊक होतं.

ताईने मला विचारलं, "अरे, हे पायथनमध्ये नीट कसं करायचं?" पायथन म्हणजे संगणकाला आज्ञा लिहून द्यायची एक भाषा. तिला फोनवर जे सांगितलं, ते इथे सावकाश सांगतो.

उत्तम पाचच का, हे आधी थोडक्यात

महाराष्ट्रात दहावीला मुख्य विषय सहा, प्रत्येकी १०० गुणांचे. केंद्रीय आणि इतर मंडळांच्या मुलांची टक्केवारी पाच विषयांवर निघत असल्याने अकरावीच्या प्रवेशात राज्य मंडळाची मुलं मागे पडतात, अशी तक्रार होती. म्हणून राज्य शासनाने २०१० मध्ये उत्तम पाच विषय धरण्याचा निर्णय घेतला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. तेव्हापासून प्रत्येक दहावीच्या घरात हा क्रम लावण्याचा हिशेब बोटांवर होतो: कोणता विषय सुटला?

हा प्रश्न विचारला की नुसते आकडे पुरत नाहीत, विषयाचं नावही लागतं. शिवाय प्रत्येकाचे विषय सारखे नसतात. कोणी पूर्ण हिंदी घेतं, कोणी पूर्ण संस्कृत, कोणी दोन्ही मिळून संयुक्त. त्यामुळे "तिसऱ्या रकान्यात हिंदीच" असं धरून चालत नाही. म्हणून शाळेच्या तक्त्यात विषयाचं नाव आणि गुण शेजारीशेजारी ठेवलेले असतात: बैठक क्रमांक, विषय, गुण, विषय, गुण... असे एकूण १३ रकाने. एक बैठक क्रमांक आणि सहा जोड्या. इथून पुढे या ओळीकडे १३ घरं म्हणून बघायचं नाही. बैठक क्रमांकाच्या मागे सहा जोड्या उभ्या आहेत असं बघायचं. बाकी सगळं यातूनच निघतं.

आधी गाठ, मग क्रम

देवळाबाहेर चपला काढतो तेव्हा आपण काय करतो? जोड जवळजवळ ठेवतो. कोणी रांग सरळ करायला आलाच, तर तो जोड उचलून हलवतो. उजव्या पायाच्या सगळ्या चपला आकाराने लावल्या आणि डाव्या तशाच ठेवल्या, तर संध्याकाळी अर्धं गाव लंगडत घरी जाईल. शाळेच्या तक्त्यात नेमकं तेच घडलं होतं.

पायथनमध्ये काम तीन हालचालींत होतं. दोन्ही बाजू वेगळ्या काढायच्या आणि त्यांची गाठ बांधायची. गाठ बांधलेल्या जोड्यांचा क्रम लावायचा. मग गाठ सोडून सगळं पुन्हा एका ओळीत पसरायचं.

खाली आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. संगणकावर लिहिताना पायथनच्या स्वतःच्या आज्ञा आणि कोडमध्ये थेट येणारे आकडे मूळ रोमन रूपातच द्यावे लागतात. आपण ठेवलेली नावं, जसं की "जोड्या" किंवा "नवी_ओळ", पायथन ३ मध्ये खुशाल देवनागरीत ठेवता येतात.

विषय = ओळ[१::२]
गुण = ओळ[२::२]
जोड्या = लिस्ट(झिप(विषय, गुण))
लागलेल्या = सॉर्टेड(जोड्या, की=लॅम्बडा जोडी: जोडी[१], रिव्हर्स=ट्रू)

पायथन मोजायला शून्यापासून सुरुवात करतो. म्हणजे बैठक क्रमांक शून्याव्या घरात, पहिला विषय पहिल्या घरात, त्याचे गुण दुसऱ्या घरात. पहिली आज्ञा सांगते: पहिल्या घरापासून सुरू कर आणि दोनदोनच्या उड्या मार. म्हणजे पहिलं, तिसरं, पाचवं घर, सगळे विषय. दुसरी आज्ञा दुसऱ्या घरापासून तशाच उड्या मारते आणि गुण गोळा करते.

झिप म्हणजे आपली बॅगेची चेन. दोन्ही बाजूंचे दात एकेक करून एकमेकांत अडकतात. पहिल्या विषयाला पहिले गुण, दुसऱ्या विषयाला दुसरे गुण. बाहेर येतात त्या जोड्या: (मराठी, ७८), (हिंदी, ७१), (इंग्रजी, ६४)... आता मराठी हलली की ७८ तिच्यासोबतच हलणार.

चौथी आज्ञा क्रम लावते आणि सगळी अक्कल "की" या एका शब्दात आहे. "की" म्हणजे निकष. सॉर्टेडला आपण सांगतो की प्रत्येक जोडी उचल, तिच्यातल्या कशाकडे बघून क्रम ठरवायचा ते मी सांगतो: तिच्या एक क्रमांकाच्या घराकडे, म्हणजे गुणांकडे. लॅम्बडा म्हणजे हाच छोटासा नियम, एका ओळीत लिहिलेलं बिननावाचं फंक्शन. निकष बघितला जातो गुणांचा, पण हलते अख्खी जोडी. शाळेतल्या त्या कार्यक्रमाने, म्हणजे तक्ता लावणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रामने, निकष आणि हलणारी वस्तू एकच मानली होती. गुणांकडे बघितलं आणि गुणच हलवले.

रिव्हर्स म्हणजे उलटा क्रम, मोठ्याकडून लहानाकडे. उत्तर येतं: गणित ९३, विज्ञान ८८, सामाजिक शास्त्रे ८१, मराठी ७८, हिंदी ७१, इंग्रजी ६४. सुटलेला विषय इंग्रजी. चुकीच्या तक्त्यात शेवटी सामाजिक शास्त्रे होती.

शेवटची हालचाल गाठ सोडण्याची:

नवी_ओळ = [ओळ[०]] + [घर फॉर जोडी इन लागलेल्या फॉर घर इन जोडी]

वाचायची अशी: बैठक क्रमांक पुढे ठेव, मग लागलेल्या जोड्यांतली एकेक जोडी घे, आणि त्या जोडीतली दोन्ही घरं ओळीत मांड. पुन्हा १३ घरांची ओळ तयार. हेच प्रत्येक विद्यार्थ्यासाठी, एका फॉर-फेऱ्यात.

"की" नसती तर हे कसं करत होते, हे सांगायचा मोह आवरत नाही. हा निकष देण्याची सोय पायथनमध्ये २००४ साली, २.४ या आवृत्तीत आली. त्याआधी लोक जोडी उलटी बांधायचे, गुण आधी आणि विषय नंतर. मग सरळ क्रम लावायचे आणि पुन्हा उलटवायचे. आजही ती युक्ती चालते, कारण पायथन दोन जोड्यांची तुलना शब्दकोशासारखी करतो. आधी पहिलं घर बघायचं, ते सारखं असलं तरच दुसरं. पण या "सारखं असलं तर" मध्येच एक खड्डा आहे. त्याकडे आता जाऊ.

दोन विषयांत सारखेच गुण

समजा एका मुलाला मराठीत आणि हिंदीत दोन्हीकडे ७१ पडले, आणि हेच त्याचे सर्वांत कमी गुण आहेत. सुटलेला विषय कोणता? टक्केवारीला फरक पडत नाही, पण तक्त्यात काहीतरी एक नाव छापावं लागतं, आणि तेच नाव दर वेळी छापलं गेलं पाहिजे. आज मराठी आणि उद्या तोच कार्यक्रम पुन्हा चालवल्यावर हिंदी, असं झालं तर पालकांचा त्या कागदावरचा विश्वास उडेल आणि तो उडणं रास्तच आहे.

पायथनची क्रमवारी स्थिर आहे. स्थिर म्हणजे ज्यांचा निकष सारखा, त्यांचा आपापसातला आधीचा क्रम तसाच राहतो. गुणपत्रिकेत मराठी हिंदीच्या आधी असेल, तर लागलेल्या ओळीतही मराठी आधी आणि हिंदी मागे. उलटा क्रम मागितला तरी हा नियम मोडत नाही, सारखे असलेले तेवढे उलटत नाहीत. सुटलेला विषय म्हणून हिंदी येईल, कितीही वेळा चालवा.

ही हमी देणाऱ्या पद्धतीला टिमसॉर्ट म्हणतात. टिम पीटर्स यांनी ती २००२ मध्ये पायथनसाठी लिहिली, आणि पुढे जावासारख्या दुसऱ्या भाषांनीही घेतली. मोठ्या यादीत ती आधीच क्रमात असलेले तुकडे शोधते आणि ते एकमेकांत मिसळत जाते. आपल्या सहा जोड्यांसाठी एवढा खटाटोप ती करत नाही. छोट्या यादीला ती रमीतले पत्ते हातात लावल्यासारखं करते. एकेक पत्ता उचलायचा, त्याची जागा शोधायची, खोचायचा.

आता जुन्या युक्तीतला खड्डा. गुण आधी, विषय नंतर अशी जोडी बांधून निकष न देता उलटा क्रम लावला, तर गुण सारखे असताना पायथन पुढच्या घराकडे, विषयाच्या नावाकडे बघतो. उलट्या क्रमात "हिंदी" "मराठी"च्या पुढे जाते, कारण ह हे अक्षर म च्या नंतरचं. मग सुटलेला विषय मराठी ठरतो. यात चुकीचं काही नाही, पण ते कोणी ठरवलेलं नाही, आपोआप झालंय. बरोबरीच्या वेळी काय करायचं ते शाळेने ठरवावं आणि निकषात स्पष्ट लिहावं, असं माझं ठाम मत आहे.

नावांवरून क्रम लावायचाच असेल तर मराठी माणसाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. पायथन अक्षरांचा क्रम वर्णमालेवरून घेत नाही, युनिकोडच्या, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, क्रमांकावरून घेतो. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच मागे, व च्या आधी बसलेला आहे. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. क्ष आणि ज्ञ तर युनिकोडला वेगळी अक्षरं वाटतच नाहीत, ती त्याला क आणि ज पासून सुरू होणारी जोडाक्षरं. विषयांच्या नावांत हे फारसं जाणवणार नाही. आडनावांच्या यादीत मात्र क्षीरसागर मंडळी कुलकर्ण्यांच्या शेजारी जाऊन बसलेली दिसतील. त्यासाठी मराठीचे क्रमाचे नियम जाणणारं वेगळं ग्रंथालय (लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या आज्ञांचा तयार संच) वापरावं लागतं.

आकडे, जे आकडे नसतात

ताईने कार्यक्रम चालवला आणि अर्ध्या तासाने पुन्हा फोन. "एका मुलाला गणितात १०० आहेत आणि तोच विषय शेवटी आलाय. उत्तम पाचातून गणितच वगळलं गेलंय!"

याचं कारण तक्ता कुठून आला यात आहे. सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल, वाचताना पायथनचं साधं वाचन यंत्र सगळं मजकूर म्हणूनच देतं. त्याच्या दृष्टीने "१००" ही संख्या नाही, तीन अक्षरांचा शब्द आहे. शब्दांची तुलना पहिल्या अक्षरापासून होते. "१००" चं पहिलं अक्षर १, "३५" चं ३, म्हणून १०० लहान. पैकीच्या पैकी मिळालेला विषय जेमतेम पास झालेल्या विषयाच्या मागे गेला. वर्गात कोणालाही १०० किंवा दहापेक्षा कमी गुण नसतील तर सगळे आकडे दोनअंकी राहतात, मजकूर म्हणूनही क्रम बरोबर लागतो आणि चूक वर्षानुवर्षं झोपून राहते. ती जागी होते ती नेमकी सर्वांत हुशार मुलाच्या ओळीत.

उपाय साधा: क्रम लावण्याआधी प्रत्येक गुण "इंट"मधून काढायचा, म्हणजे पूर्णांक करायचा. इथे पायथनची एक गोष्ट मला मनापासून आवडते. फाइलमध्ये गुण देवनागरी अंकांत, "९३" असे लिहिलेले असले, तरी इंट ते समजून घेतो आणि त्र्याण्णव ही संख्या देतो. मागेपुढे मोकळी जागा राहिली असेल तरी चालतं. शाळेतल्या एका शिक्षकाने देवनागरी अंकांत आणि दुसऱ्याने इंग्रजी अंकांत भरलेला तक्ताही एकाच आज्ञेत सरळ होतो.

रिकामं घर मात्र इंटला चालत नाही, तो तिथेच थांबतो आणि चूक दाखवतो. तसंच "गैरहजर" असा शब्द असेल तर. अशा वेळी तिथे शून्य टाकून मोकळं व्हावंसं वाटतं. ते करू नये. पेपरला बसून शून्य मिळणं आणि पेपरला न बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्याच्या ओळीत ते शून्य पडतं त्या मुलाला हा फरक नीट कळतो. शून्याऐवजी तिथे पायथनचं "नन", म्हणजे "काहीच नाही", ठेवावं आणि निकषालाच दोन भाग द्यावेत:

की=लॅम्बडा जोडी: (जोडी[१] इज नन, मायनस जोडी[१] किंवा शून्य)

म्हणजे पहिला प्रश्न: गुण नाहीतच का? दुसरा: असतील तर किती? खोटं हे खऱ्याच्या आधी येतं, त्यामुळे गुण असलेले विषय पुढे आणि गैरहजरीचे सगळ्यात मागे. गुणांना उणे चिन्ह लावलं की मोठा आकडा आपोआप पुढे येतो, रिव्हर्सची गरज उरत नाही. उणेची गंमत ही की एकाच निकषात एक भाग चढता आणि दुसरा उतरता ठेवता येतो. वरची ओळ मी वाचायला सोपी व्हावी म्हणून अर्धी मराठीत लिहिली आहे. कोडमध्ये "गुण नसतील तर शून्य, असतील तर उणे गुण" अशी अट लिहायची.

हे सगळं काटेकोर वाटेल, पण पायथन ३ इथे आपल्या बाजूने आहे. पायथन २ च्या काळात आकडा आणि शब्द यांची सरमिसळ असलेली यादीही निमूटपणे लागायची, आकडे आधी आणि शब्द नंतर, आणि कुणाला पत्ता लागायचा नाही. पायथन ३ सरळ सांगतो की या दोघांची तुलना होत नाही. गुणांचे पूर्णांक केलेली १३ घरांची अख्खी ओळ चुकून सॉर्टेडला दिली, तर तो अडून बसतो. अडून बसणारा कार्यक्रम हा चुकीचं उत्तर देणाऱ्या कार्यक्रमापेक्षा कितीतरी भला.

याच कारणासाठी झिपलाही थोडं कडक करावं. त्याची सवय अशी की दोन बाजूंपैकी एक लहान निघाली तर तो लहान बाजूइतकाच चालतो आणि उरलेलं गुपचूप सोडून देतो. एखाद्या ओळीत शेवटच्या विषयाचे गुण भरायचे राहिले आणि ओळ १२ घरांची झाली, तर सहावा विषय न बोलता गायब. पायथन ३.१० पासून झिपला "स्ट्रिक्ट=ट्रू" सांगता येतं. मग बाजू समान नसतील तर तो थांबतो आणि ओरडतो. जोड्यांच्या कामात मी हे शब्द कधीही गाळत नाही.

ओळी शेकड्यात नाही, लाखात असतील तर

एका शाळेच्या दोनतीनशे ओळींना वरची पद्धत पुरेपूर आहे, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काम होतं. जिल्ह्याचा किंवा विभागाचा तक्ता असेल तर एकेक ओळ पायथनच्या हाताने हलवणं हळू पडतं. तिथे पांडाज आणि नमपाय ही ग्रंथालयं कामी येतात.

नमपायमध्ये विचार थोडा वेगळा करावा लागतो. इथे गाठ बांधत नाहीत. दोन वेगळे पट ठेवतात: एका पटावर सगळे विषय, दुसऱ्यावर सगळे गुण, दोन्ही सहा रकान्यांचे. मग गुणांच्या पटाला विचारायचं: तू हलू नकोस, फक्त सांग, क्रम लावला तर कोणत्या घरातलं आधी येईल आणि कोणत्या घरातलं नंतर? या आज्ञेचं नाव आर्गसॉर्ट. आपल्या मुलीच्या ओळीसाठी ती उत्तर देते: ३, ४, ५, ०, १, २. म्हणजे आधी तीन क्रमांकाचं घर (गणित), मग चार क्रमांकाचं (विज्ञान), आणि असंच पुढे. कवायतीला उभं राहण्याच्या जागांची चिठ्ठीच ती. आता तीच चिठ्ठी गुणांच्या पटालाही द्यायची आणि विषयांच्या पटालाही. दोघं एकाच चिठ्ठीने हलले की जोडी तुटण्याचा प्रश्नच नाही.

चिठ्ठी वाटण्याची आज्ञा "टेक अलाँग अ‍ॅक्सिस", ती नमपायमध्ये २०१८ साली १.१५ आवृत्तीत आली. चिठ्ठी सरळ चौकोनी कंसात घालून विषयांचा पट मागितला, तर नमपाय त्या आकड्यांना रकान्यांचे नाही, ओळींचे क्रमांक समजतो. मग एका मुलीच्या ओळीत भलत्याच सहा विद्यार्थ्यांच्या अख्ख्या ओळी येऊन पडतात. हा घोटाळा निदान ढळढळीत दिसतो, कारण पटाचा आकारच बदलतो.

दोन गोष्टी मात्र ढळढळीत दिसत नाहीत. आर्गसॉर्टला उलटा क्रम माहीत नाही, म्हणून गुणांना उणे करून द्यायचं. आणि तिची नेहमीची पद्धत स्थिर असण्याची हमी देत नाही. पायथनच्या सॉर्टेडवर विसंबून इथे आलेला माणूस ती हमी गृहीत धरतो. "काइंड" या जागी "स्टेबल" लिहिलं की हमी मिळते. आधीच्या मराठी आणि हिंदीच्या ७१ गुणांसाठी हा एक शब्द लागतोच.

खरं विचाराल तर मोठ्या तक्त्यासाठी मला तिसरीच वाट आवडते. १३ रकान्यांची आडवी ओळ मोडून टाकायची आणि उभा तक्ता करायचा. एका ओळीत एकच बैठक क्रमांक, एकच विषय, एकच गुण. एका विद्यार्थ्याच्या सहा ओळी. असं केलं की जोडी ही ओळच बनते, आणि ओळ तोडून हलवणं हे पांडाजच्या स्वभावातच नाही. मग क्रम लावायचा आधी बैठक क्रमांकाने चढता आणि त्याच्या आत गुणांनी उतरता. प्रत्येक बैठक क्रमांकाच्या पहिल्या पाच ओळी म्हणजे उत्तम पाच, सहावी ओळ म्हणजे सुटलेला विषय. आडवा तक्ता माणसाला वाचायला बरा, उभा तक्ता यंत्राला. छापायच्या आधी पुन्हा आडवा करून घ्यायचा, एवढंच.

तपासणी कशाची करायची

बेरजेने ही चूक पकडता येत नाही हे सुरुवातीलाच दिसलं. मग पकडायची कशाने? प्रत्येक विद्यार्थ्याच्या मूळ ओळीतल्या सहा जोड्या आणि नव्या ओळीतल्या सहा जोड्या, दोन्ही एकाच निकषाने लावून एकमेकांसमोर ठेवायच्या. त्या तंतोतंत सारख्या असल्या पाहिजेत. मूळ ओळीत (गणित, ९३) आहे तर नव्यातही (गणित, ९३) असलीच पाहिजे. एकाही विद्यार्थ्याच्या बाबतीत तसं नसेल तर कार्यक्रमाने तिथेच थांबावं आणि बैठक क्रमांक सांगावा. दोन ओळींचं काम आहे. शाळेच्या पहिल्या तक्त्यावर हे चालवलं असतं तर जवळजवळ प्रत्येक ओळीत तो थांबला असता.

याच्या जोडीला ताईला मी कागद हातात घ्यायला सांगितलं. कोणत्याही तीन गुणपत्रिका नाही, निवडून तीन: एक जिच्यात दोन विषयांत सारखे गुण आहेत, एक जिच्यात कुठेतरी १०० आहेत, आणि एक जिच्यात कुठेतरी गैरहजेरी आहे. सरासरी मुलाच्या ओळीत कार्यक्रम सहसा चुकत नाही, या तिघांच्या ओळीत चुकतो.

तिने त्या तीन काढल्या. चौथी स्वतःहून जोडली, गणितात ९३ असलेल्या मुलीची. चारही ओळी गुणपत्रिकांशी जुळल्या. तिच्या ओळीत आता पहिला विषय गणित आहे, दुसरा विज्ञान. तो कागद ताईने तिच्या आईला शाळेत बोलावून दिला.